केसांचे गोळे पुन्हा पुन्हा पडत असतील तर : लांब केसांच्या मांजरीसाठी समस्या निवारण

आमच्या पुण्यातल्या घरी कापशी नावाची पांढरी पर्शियन मांजर आहे. पहिली चार वर्षे ती दोन-तीन महिन्यांतून एखादा केसांचा गोळा ओकून टाकत असे आणि आम्ही फरशी पुसून तो विषय विसरून जात असू. पाचव्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र पाच आठवड्यांत सात गोळे पडले. केसांच्या गोळ्यांवर म्हणून दुकानात मिळणारी पेस्ट आम्ही आधी आठवड्यातून दोनदा, नंतर एक दिवसाआड आणि शेवटी रोज देऊ लागलो, तरी गोळे पडतच राहिले. मांजर आहे, ती ओकणारच, असे माझी आई म्हणत होती आणि मीही बरेच दिवस तसेच समजत होते. त्या काळात ज्या चुका झाल्या, त्या चुकांतून जे कळले आणि ज्या क्रमाने शोध घेतल्यावर कारण हाती लागले, तो क्रम येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हीच तक्रार घेऊन मला विचारणाऱ्या बहुतेक घरांत पेस्टपासून सुरुवात झालेली असते आणि पेस्टपाशीच शोध थांबलेला असतो.

एक गोष्ट आरंभीच मनात पक्की करावी. पोटात गोळा साठण्याची दोनच कारणे असू शकतात : एक तर नेहमीपेक्षा जास्त केस पोटात जात आहेत, किंवा गेलेले केस पोटातून पुढे आतड्यात सरकत नाहीत. कधीकधी दोन्ही एकदम घडते. पेस्ट यांपैकी पहिल्या कारणाला हातही लावत नाही आणि दुसऱ्याला तात्पुरती मदत करते, म्हणून ती देऊनही तक्रार परत येते.

गोळा होतो कसा

मांजरीच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक, टणक काटे असतात. आपल्या नखांचा जो पदार्थ, त्या केराटिनचेच हे काटे बनलेले असतात. अंग चाटताना सुटे केस या काट्यांत अडकतात आणि काट्यांचा कल आतल्या बाजूला असल्यामुळे मांजरीला ते थुंकून टाकता येत नाहीत, गिळावेच लागतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी 2018 मध्ये या काट्यांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. काट्यांची टोके पळीसारखी पोकळ असतात आणि त्या पोकळीत ओढली गेलेली लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचवली जाते, असे त्यांना आढळले. याच अभ्यासात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वेगवेगळ्या मांजरांचे केस जिभेखाली दाबले गेल्यावर काटे कातडीपर्यंत पोहोचतात का, हे त्यांनी तपासले, तेव्हा पर्शियन मांजरीचा थर तेवढा अपवाद ठरला. तिथे काटे मुळापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे आपली मांजर कितीही वेळ अंग चाटत बसली तरी आतल्या मऊ थरातले सुटे केस तिथेच राहतात, त्यांच्या जटा होतात, आणि वरवरचे केस मात्र पोटात जात राहतात. मांजर स्वतःची स्वच्छता स्वतः ठेवते, हे साध्या आखूड केसांच्या मांजरीबाबत खरे आहे. माणसाने निवडीने पैदास करून वाढवलेल्या या लांब केसांसाठी माणसाचाच हात लागतो.

गिळलेले केस पचत नाहीत. ते अन्नाबरोबर पुढे जाऊन विष्ठेवाटे बाहेर पडणे हा त्यांचा नेहमीचा मार्ग आहे आणि निरोगी मांजरीचे बहुतेक केस याच मार्गाने जातात. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या रिकाम्या पोटात ठरावीक वेळाने आकुंचनाची एक जोरकस लाट उठते आणि उरलासुरला कचरा पुढे ढकलून देते. मांजरीमध्ये ही लाट त्याच स्वरूपात आढळत नाही, त्यामुळे पोटात मागे राहिलेले केस एकमेकांत गुंतायला वेळ मिळतो. गुंता मोठा झाला की तो उलटीवाटे बाहेर येतो आणि अन्ननलिकेतून दाबला गेल्यामुळे लांबट, वातीसारखा दिसतो. आपण त्याला गोळा म्हणतो खरे, पण त्याचा आकार गोल नसतो, आणि अनेकांना तो प्रथम विष्ठेचा तुकडाच वाटतो. वैद्यकात पोटातल्या अशा गुठळीला बेझोअर म्हणतात. हा शब्द मूळचा फारसी 'पादजहर', म्हणजे विषावरचा उतारा. बकऱ्यांच्या पोटात सापडणाऱ्या खड्यांना एके काळी औषध म्हणून मोठे मोल होते, त्यावरून तो आला.

आधी धोक्याची चिन्हे

पुढचे सारे वाचण्याआधी एवढे पाहून घ्यावे. मांजर पुन्हा पुन्हा ओकारी काढते आहे आणि काहीच बाहेर पडत नाही. पाणी प्यायले तरी उलटून पडते. चोवीस तासांत तिने अन्नाला तोंड लावलेले नाही. विष्ठा झालेली नाही. पोट टणक किंवा फुगलेले लागते आणि हात लावू देत नाही. ती कपाटाखाली जाऊन निपचित बसली आहे, यांपैकी काही दिसत असेल तर घरगुती उपाय करण्याची ती वेळ नव्हे. केसांचा गोळा आतड्यात अडकणे क्वचित घडते, पण अडकला तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि उशीर झाल्यास आतड्याचा तो भाग निकामी होतो. शिवाय मांजर, विशेषतः वजनदार मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. माणसाला एक लंघन मानवते, तसे मांजरीला मानवत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरांत वरचेवर घडते. राखीचा धागा, शिवणकामाचा दोरा, संक्रांतीच्या दिवसांत खिडकीतून आलेला मांजा मांजर गिळते, आणि त्यानंतरची उलटी केसांच्या गोळ्याची समजली जाते. जिभेखाली किंवा गुदद्वाराशी दोरा दिसला तर तो कधीही ओढू नये. त्याचे दुसरे टोक आत कुठेतरी अडकलेले असते आणि ओढल्यावर दोरा आतडे कापत जातो. मांजरीला उचलून तसेच पशुवैद्याकडे न्यावे.

तो खरोखर केसांचा गोळाच आहे का

माझ्या एका मैत्रिणीच्या मांजरीला सहा महिने गोळ्यांची पेस्ट चालू होती आणि त्या सहा महिन्यांत एकही गोळा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मांजर जमिनीसरशी दबून बसे, मान पुढे ताणे, खरखर आवाज काढून खोके आणि शेवटी आवंढा गिळून उठून जाई. गोळा आत आहे, तो बाहेर येत नाही, असा अर्थ घरातल्यांनी लावला होता. तो दम्याचा खोकला होता. मांजरांना दमा होतो, आणि उदबत्ती, डासांची कॉइल, शेजारच्या बांधकामाची धूळ किंवा लिटरच्या, म्हणजे मांजरीच्या शौचाच्या पेटीतल्या, मातीची भुकटी यांनी तो वाढतो. उलटीमध्ये पोटाचे स्नायू ठळकपणे आत-बाहेर होतात, मांजर आधी ओठ चाटते, लाळ गाळते, अस्वस्थपणे जागा बदलते, आणि शेवटी काहीतरी बाहेर पडते. खोकल्यात पोटाची अशी हालचाल दिसत नाही आणि बाहेर सहसा काही पडत नाही. हा फरक तोंडी सांगणे कठीण असते, म्हणून मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. तपासणीच्या टेबलावर मांजर ते करून दाखवत नाही आणि डॉक्टरला त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून जे कळते, ते आपल्या वर्णनातून कळत नाही.

खाल्ल्यानंतर लगेच, पोटाला पीळ न पडता, न पचलेले अन्न तोंडातून जसेच्या तसे बाहेर येणे हा तिसरा, वेगळा प्रकार आहे आणि त्याचे कारण अन्ननलिकेत किंवा घाईने खाण्यात शोधावे लागते.

एका वहीत नोंदी

सात गोळे पडून गेल्यावर मी वही केली. ती पहिल्याच गोळ्याला करायला हवी होती. तारीख, वेळ, गोळ्याची अंदाजे लांबी, त्यात केस किती आणि अन्न किती, आधी शेवटचे खाणे कधी झाले होते, त्या दिवशी विष्ठा झाली का आणि तिच्यात केस दिसले का, एवढे लिहावे. आठवड्यातून एकदा वजन करावे. मांजरीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहणे आणि मग स्वतःचे वजन वजा करणे, या पद्धतीत दोन-तीनशे ग्रॅमची चूक सहज होते, आणि चार किलोच्या मांजरीत तेवढी घट ही मोठी गोष्ट असते. लहान बाळाचा काटा मिळाला तर उत्तम.

घरात एकाहून अधिक मांजरी असतील तर गोळ्यातल्या केसांचा रंगही लिहावा. मांजरी एकमेकींना चाटतात, त्यामुळे आखूड केसांच्या काळ्या मांजरीने पांढरे लांब केस ओकलेले मी पाहिले आहे. तिथे औषधोपचार एकीवर चालला होता आणि फणी दुसरीला हवी होती.

वर्षातून काही वेळा, केस गळण्याच्या दिवसांत पडणारा गोळा, ज्यानंतर मांजर लगेच खाते, खेळते आणि जिचे वजन स्थिर आहे, तो चिंतेचा नाही. महिन्यातून दोन-तीन वेळा पडू लागला, किंवा वर्षानुवर्षे चालत आलेले अंतर अचानक कमी झाले, तर पुढचा शोध घ्यावा. अचानक झालेला बदल हा आकड्यापेक्षाही महत्त्वाचा मानावा.

जास्त केस पोटात जात आहेत का

येथून खरे काम सुरू होते. मांजरीचे केस गळणे हे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते, पण फ्लॅटमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, अनेक ठिकाणी वातानुकूलन असते, आणि मग केस बारा महिने थोडेथोडे गळत राहतात. आमच्याकडे होळीच्या आसपास त्यात मोठी भर पडते. विक्रेते 'ट्रिपल कोट', म्हणजे तीन थरांचे केस, हा शब्द फार कौतुकाने वापरतात. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की आतला मऊ थर दाट आहे आणि तो रोज विंचरावा लागणार आहे.

विंचरणे म्हणजे पाठीवरून ब्रश फिरवणे नव्हे, हे मला कळायला चार वर्षे लागली. मी रोज मऊ ब्रश फिरवत होते, कापशी वरून चकाकत होती, आणि काखेत, कानांमागे, मांड्यांच्या आतल्या बाजूला नमद्यासारखा थर जमत होता. योग्य रीत अशी : मांजर शांत असताना, खाण्यानंतर अर्ध्या-एक तासाने, तिला टॉवेलवर घ्यावे. एका हाताने केसांचा वरचा थर उलटा धरून कातडी दिसेल अशी भांगासारखी रेघ पाडावी, आणि त्या रेघेखालचे केस धातूच्या, रुंद दात्यांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत सोडवावेत. मग रेघ बोटभर वर सरकवावी. रुंद फणी विनाअडथळा फिरली की बारीक दात्यांची फणी फिरवावी. शेवटी ओलसर हात किंवा ओले करून घट्ट पिळलेले फडके अंगावरून फिरवले म्हणजे सुटे झालेले केस उचलले जातात. हा शेवटचा भाग अनेक जण गाळतात आणि मग विंचरून सुटे केलेले केसच मांजर लगेच चाटून गिळते. एका बैठकीत सारे अंग होत नाही आणि व्हायलाही नको. आज पोट, उद्या शेपटी आणि मांड्या, असे रोज दहा मिनिटे केले तरी आठवड्यात दोन फेऱ्या पूर्ण होतात. गळलेले केस ओढून काढणारी धारदार पट्टीची साधने आठवड्यातून एकदाच आणि हलक्या हाताने वापरावीत, कारण ती चांगले केसही तोडतात आणि कातडीवर ओरखडे उठवतात.

जटा झाली असेल तर कात्री लावू नये. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते. जटा वर ओढली की कातडीही तिच्याबरोबर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. छोट्या जटेवर कॉर्नफ्लॉर चोळून, मुळाशी बोटांनी केस घट्ट धरून, टोकाकडून थोडेथोडे सोडवत यावे. मोठ्या, कातडीला चिकटलेल्या जटा केस कापण्याच्या यंत्रानेच काढवून घ्याव्यात. सपाट नाकाच्या पर्शियन मांजरीला भूल देण्यात श्वासाचा धोका अधिक असतो, म्हणून भूल द्यावी लागणार असेल तर ते काम पशुवैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे. फक्त केस कापणाऱ्याच्या दुकानात ते करू नये. उन्हाळ्यात पोटाचे, मांड्यांचे आणि शेपटीखालचे केस आखूड करून घेतले तर गिळल्या जाणाऱ्या केसांत लक्षणीय फरक पडतो, हा आमचा अनुभव आहे.

एवढे करूनही केस जास्त जात असतील तर मांजर जास्त चाटते आहे का, हे पाहावे. जास्त चाटण्याचे पहिले कारण खाज, आणि खाजेचे आपल्या हवेत सर्वांत नेहमीचे कारण पिसवा. आमच्या घरी नेमके हेच होते. मांजर घराबाहेर जात नाही, तेव्हा पिसवा कशा होतील, असे मी डॉक्टरांना ठामपणे सांगितले होते. तळमजल्याच्या आमच्या खिडकीच्या जाळीला टेकून बाहेरची एक मांजर त्या पावसाळ्यात झोपत असे, हे तेव्हा लक्षातच आले नव्हते. पिसू डोळ्याला दिसेलच असे नाही, कारण चाटणारी मांजर पिसूच गिळून टाकते. बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरून जे काळे कण पडतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. उपचार घरातल्या सर्व प्राण्यांना एकाच वेळी आणि डॉक्टर सांगतील तितके महिने करावा लागतो, कारण अंगावरच्या पिसवा हा एकूण पिसवांचा लहान भाग असतो आणि अंडी, अळ्या, कोष हे गादीत, गालिच्यात, सोफ्याच्या फटीत असतात. येथे एक इशारा द्यावासा वाटतो : कुत्र्यांसाठीचे, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मांजरीला लावू नये, थोडेही नाही. तिचे शरीर ते निकामी करू शकत नाही, झटके येतात आणि मांजर दगावू शकते.

पिसवा नसतील तर अन्नाची ॲलर्जी, बुरशी किंवा वेदना यांचा विचार होतो. फक्त पोटाच्या खालचा भाग चाटून टक्कल पाडणारी मांजर मूत्राशयाच्या दुखण्याने तसे करत असू शकते, तर एकाच सांध्यावर सतत चाटणारी सांधेदुखीने. घरात नवे माणूस, नवे मांजर, घर बदलणे, दिवाळीतले फटाके यांच्या ताणानेही चाटणे वाढते, परंतु ताण हे कारण शारीरिक कारणे तपासून झाल्यावरच मानावे.

केस पुढे सरकत नाहीत का

पिसवा गेल्या, विंचरणे सुधारले, तेव्हा कापशीचे गोळे कमी झाले, पण थांबले नाहीत. दहा-बारा दिवसांनी एक पडतच होता. वहीतल्या दोन नोंदींकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. वजन तीन महिन्यांत चार किलो दोनशेवरून तीन किलो आठशेवर आले होते, आणि गोळ्यांमधल्या काळात केस नसलेल्या, पिवळसर फेसाच्या उलट्याही होत होत्या. मी त्या गोळ्याचाच भाग समजून वेगळ्या मोजल्या नव्हत्या. वारंवार पडणारे केसांचे गोळे हे पोटाच्या आणि आतड्याच्या जुनाट दाहाचे, अन्न न मानवण्याचे, आणि वय झालेल्या मांजरीत कधीकधी आतड्याच्या कर्करोगाचेही पहिले दृश्य लक्षण असू शकते, कारण दाह झालेल्या आतड्याची पुढे ढकलण्याची चाल बिघडते. रक्ततपासणी, विशेषतः बी-12 जीवनसत्त्वाचे प्रमाण, विष्ठेतील जंतांची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी, असा तपासण्यांचा सामान्य क्रम असतो. कापशीच्या आतड्याची भिंत किंचित जाड आढळली. डॉक्टरांनी तिला पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार सुरू केला, आणि दुसरे काहीही, अगदी ताटातला चिकनचा तुकडाही, द्यायचा नाही असे बजावले. पोटाच्या तक्रारींवर अशा आहाराचा परिणाम बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसतो. आमच्याकडे अठराव्या दिवसानंतर फेसाची उलटी झाली नाही.

रोग नसलेल्या मांजरीत आतड्याची चाल सुधारण्यासाठी तंतुमय पदार्थांचा उपयोग होतो, आणि तो लांब केसांच्या मांजरींमध्ये विशेष दिसतो : इसबगोलयुक्त आहाराने त्यांच्या विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या केसांचे प्रमाण वाढते, असे संशोधनात आढळले आहे. गोळ्यांवरच्या तयार कोरड्या खाद्यात हाच विचार असतो. घरी द्यायचा असेल तर कोणताही स्वाद किंवा गोडी नसलेला साधा इसबगोलाचा भुसा, चहाच्या पाव चमच्यापासून सुरुवात करून, तीन-चार चमचे पाण्यात भिजवून पूर्ण फुगू द्यावा आणि मगच ओल्या अन्नात कालवावा. कोरडा भुसा पोटात जाऊन पाणी शोषतो आणि फायद्याऐवजी अडथळा करतो. वाफवलेला, मीठ-मसाला न घातलेला लाल भोपळा एक-दोन चमचे दिला तरी चालतो; कापशीला तो आवडत नाही, शेजारच्या मांजरीला फार आवडतो. खाणे दोन मोठ्या वेळांऐवजी चार-पाच लहान वेळांत विभागले, ओल्या अन्नाचे प्रमाण वाढवले, आणि पाण्याची भांडी अन्नापासून व लिटरपासून दूर दोन-तीन ठिकाणी ठेवली, तर केस अन्नाबरोबर वाहून जायला मदत होते. खाद्यबदल नेहमी सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे मिसळत, करावा. कापशीला दिला तसा ॲलर्जीच्या चाचणीचा आहार मात्र डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे.

मांजरीने गवत खाल्ले की गोळा पडतो, हा समज सर्वत्र आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी हजारो मांजरपालकांकडून माहिती घेतली, तेव्हा लांब आणि आखूड केसांच्या मांजरी सारख्याच प्रमाणात गवत खाताना आढळल्या. गवत खाण्याचा हेतू केस काढणे असता तर फरक दिसायला हवा होता. तरीही गवत द्यायला हरकत नाही, ते त्यांना आवडते. नवरात्रात घटातले धान उगवून आले की कापशी देवघराच्या दाराशी बसून राहते, म्हणून मी तिच्यासाठी वेगळ्या कुंडीत स्वयंपाकघरातलेच गहू पेरते. पेरणीसाठी विकले जाणारे बियाणे वापरू नये, त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. आणि घरात लिलीची फुले ठेवू नयेत. तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजरीची मूत्रपिंडे बंद पडतात, आणि पहिले लक्षण उलटी हेच असल्यामुळे मोलाचे तास गोळ्याची वाट पाहण्यात जातात.

पेस्ट आणि घरगुती उपायांविषयी

पेस्ट बहुधा पेट्रोलियम जेली आणि माल्ट यांची बनलेली असते. केसांना आणि विष्ठेला बुळबुळीतपणा आणणे हे तिचे काम. केस गळण्याच्या दिवसांत, वेष्टनावरच्या मात्रेत, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, काही दिवस देणे योग्य आहे. महिनोन्‌महिने रोज, आणि तेही अन्नात मिसळून दिल्यास मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या शोषणात अडथळा येऊ शकतो. दुकानदाराने मला ती कायम देत राहा असे सांगितले होते आणि मी ते डॉक्टरांना न विचारता मानले.

पातळ पॅराफिन तेल तोंडात सिरिंजने कधीही सोडू नये. त्याला चव नसते, गिळण्याची किंवा खोकण्याची जाणीव होत नाही, ते सहज श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाचा दाह करते. तूप, खोबरेल तेल, लोणी हे पोटात पचून जातात, त्यामुळे केसांपर्यंत बुळबुळीतपणा पोहोचतच नाही. जास्त झाल्यास जुलाब होतात. एरंडेल तर मुळीच देऊ नये. दूध दिल्याने गोळा पडतो असे म्हणतात, परंतु बहुतेक मोठ्या मांजरींना दुधातली साखर पचत नाही आणि जे होते तो जुलाब असतो. आपल्या घरातला वरणभात किंवा रस्सा कालवून खाऊ घालण्याची सवय असेल तर त्यातल्या कांदा-लसणाचे भान ठेवावे. दोन्हींमुळे मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात.

सध्या कापशीला रोज दहा मिनिटे फणी, महिन्यातून एकदा पिसवांचे औषध, ठरलेला एकच आहार आणि इसबगोल एवढेच चालू आहे. गेल्या आठ महिन्यांत तीन गोळे पडले, त्यांतले दोन होळीच्या आसपास. वजन पुन्हा चार किलो शंभरवर आले आहे.

डॉक्टरांकडे जाताना वही, चित्रफीत आणि शेवटचा गोळा हे तिन्ही बरोबर न्यावेत. गोळा पाण्यात अलगद उकलून पाहिला तर त्यात नुसते केस आहेत की गालिच्याचे धागे, गवत, प्लॅस्टिकही आहे, हे कळते. तो ओल्या टिशूत गुंडाळून झाकणाच्या डबीत, शीतकपाटाच्या बाहेर ठेवला तरी एका दिवसात काही बिघडत नाही.